बोटातल्या शिरा बघून हजेरी घेणारं मशीन – कुणी वापरलंय का?

छिन्नी_हातोडा | सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चूकभूल द्यावी घ्यावी.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. टर्निंग, मिलिंग, थोडं ग्राइंडिंग, सगळं जॉबवर्क. दोन शिफ्ट मिळून ४२ माणसं. चार वर्षांपूर्वी हजेरीला अंगठ्याचं मशीन बसवलं आणि तेव्हापासून रोज सकाळी गेटवर तमाशा. ज्याने वीस वर्षं जॉबची बर (कापलेल्या धातूची खरखरीत कडा) काढली त्याच्या बोटावर ठसा राहिलेलाच नसतो हो. कूलंटने कातडी सोललेली, कुणाला चिरा, कुणाला पट्टी. ग्राइंडिंगला आमचे एक मामा आहेत, ते रोज अंगठा जिभेला लावणार, शर्टाला पुसणार, दाबणार, असं सात-आठ वेळा, आणि मशीन म्हणतं ट्राय अगेन. मग शेवटी वही. म्हणजे मशीनही पोसतोय आणि वहीही.

गेल्या आठवड्यात एक विक्रेता आला, म्हणाला ठसे विसरा, बोटाच्या आतल्या शिरा बघणारं मशीन घ्या, आत डीप लर्निंग आहे, अचूकता ९९.९ टक्के. किंमत जुन्याच्या कितीतरी पट. हे खरंच काम करतं का, तेलकट हाताला चालतं का, आणि हे डीप लर्निंग म्हणजे नेमकं काय विकतायत मला? कुणी वापरलं असेल तर सांगा, पंधरा दिवस ट्रायलला द्यायला तयार आहे तो.

अर्धा_कटिंग | सोमवार, ११:३४

आमच्या साहेबाला आमची प्रत्येकाची दुखरी नस बरोबर माहितीये, त्याला कुठलं मशीन लागत नाही.

बोळातला_डॉक्टर | सोमवार, दुपारी १:०५

तत्त्व अगदी खरं आहे, फसवाफसवी नाही. करोनात प्रत्येकाने घरी ऑक्सिमीटर आणला होता आठवतंय? ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं. हे त्याचंच चुलत भावंड समजा. ऑक्सिमीटर दोन प्रकाश सोडतो, एक लाल ६६० नॅनोमीटरचा आणि एक इन्फ्रारेड ९४० चा, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन कोणता किती शोषतंय त्यावरून ऑक्सिजन काढतो. शिरावाल्या मशीनमध्ये साधारण ७६० ते ८५० च्या आसपासचा इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही. कातडी आणि मांस तो बऱ्यापैकी आरपार जाऊ देतात, हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे कॅमेऱ्यात बोट राखाडी आणि शिरा काळ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. मुलं रात्री मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरून लाल बोट बघतात ना, तोच खेळ, फक्त प्रकाश वेगळा आणि कॅमेरा तो बघू शकणारा.

या दोऱ्यांचं जाळं प्रत्येक बोटाचं वेगळं असतं, जुळ्या भावंडांचंसुद्धा. आणि ते कातडीच्या खाली असल्यामुळे वरची कातडी झिजली, भाजली, चिरली तरी फरक कमी पडतो. म्हणून तुमच्या मामांसाठी कल्पना चांगली आहे.

पण एक सांगतो, थंडीत हात गार पडले की बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात. जानेवारीत चाकणहून बाइक मारत येणारा माणूस हातमोजे नसतील तर बर्फासारखी बोटं घेऊन गेटवर उभा राहतो. त्याच्या शिरा फिक्या दिसू शकतात.

पाटीलेखक | सोमवार, १:१२

गेटवर पाटी लावा: "येथे फक्त बोट ठेवावे. दुसऱ्याच्या कामात घालू नये. – हुकुमावरून"

छिन्नी_हातोडा | सोमवार, १:३०

@पाटीलेखक, ही पाटी मशीन नाही घेतलं तरी लावणारे :)

@डॉक्टर, धन्यवाद, ऑक्सिमीटरमुळे एका झटक्यात समजलं. विक्रेत्याने पाऊण तास लावला होता आणि तरी 'एआय एआय' करत राहिला.

चेकबुक_संपलं | सोमवार, ४:१५

(दुपारची झोप झाल्यावर लिहितोय.) बँकेत होतो, आता निवृत्त. हे तंत्रज्ञान नवीन अजिबात नाही. जपानमध्ये हिताचीने बोटाच्या शिरांवर आणि फुजित्सूने तळहाताच्या शिरांवर मशिनं काढली, आणि २००० नंतरच्या त्या दशकातच तिथल्या बँकांच्या एटीएममध्ये ती लागली. पोलंडमध्ये २०१० ला बोट ठेवून पैसे देणारं एटीएम आलं. ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने २०१४ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या खातेदारांसाठी असं यंत्र जाहीर केलं. सांगायचा मुद्दा, सुरुवातीच्या त्या मशिनांत डीप लर्निंग नव्हतं तरी चालत होतंच. त्यामुळे विक्रेत्याने डीप लर्निंगचे वेगळे पैसे लावले असतील तर घासाघीस करायला जागा आहे.

नसतीउठाठेव | सोमवार, रात्री ९:४८

आयडीमुळे मला यावंच लागलं या धाग्यावर.

हिंजवडीत इमेज प्रोसेसिंगचं काम करतो, शिरांवर नाही पण चेहरा आणि ठशांवर केलंय. डीप लर्निंग काय विकतायत ते सांगतो. जुनी पद्धत अशी की प्रोग्रॅमरने स्वतः नियम लिहायचे. मिउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची २००४ ची पद्धत प्रसिद्ध आहे, त्यात फोटोवर एक ठिपका सोडायचा, तो काळी रेघ शोधत शोधत पुढे सरकतो, असे हजारो ठिपके वेगवेगळ्या जागी सोडायचे, जिथून जास्त वेळा गेले ती शीर. डोंगरावर जशी माणसं चालून चालून पायवाट पडते तसं. मग दोन पायवाटांचे नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचं किती जुळतायत.

डीप लर्निंगमध्ये शीर म्हणजे काय हे आपण सांगतच नाही. हजारो बोटांचे फोटो देतो आणि म्हणतो, हे दोन फोटो एकाच बोटाचे, हा तिसरा वेगळ्याचा, आता तू असे आकडे काढ की पहिल्या दोघांचे आकडे जवळ येतील आणि तिसऱ्याचे लांब जातील. चुकला की कान पिळायचा, परत. शेवटी प्रत्येक बोटाचा शे-दोनशे-पाचशे आकड्यांचा एक पत्ता तयार होतो. गेटवर बोट ठेवलं की नवा पत्ता काढायचा आणि साठवलेल्या पत्त्यांपैकी सगळ्यात जवळचा कोण, आणि पुरेसा जवळ आहे का, एवढंच बघायचं. बोट जरा फिरलं, वाकलं, उजेड कमी-जास्त झाला तर जुनी पद्धत लवकर गडबडते, ही जास्त सांभाळून घेते. पण ती हे सांभाळणं शिकली कोणाच्या बोटांवर हा प्रश्न विचारा. एसीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांच्या बोटांवर शिकली असेल तर तुमच्या ग्राइंडिंगच्या मामांचं जाड कातडीचं, सुजलेलं बोट तिने जन्मात पाहिलेलं नाही.

आणि तो 'पुरेसा जवळ' आकडा असतो ना, थ्रेशोल्ड, तो कुणाच्या हातात आहे ते आधी विचारा. कडक ठेवला तर खरा माणूस अडतो, सैल केला तर दुसऱ्याचा माणूस आत जातो. ९९.९ या आकड्याला तो कुठे ठेवला होता हे सांगितल्याशिवाय काडीचा अर्थ नाही.

शेवटचं_वर्ष | सोमवार, रात्री ११:०२

वा हा धागा माझ्यासाठीच आलाय!! सर आमचा बीईचा प्रोजेक्ट हाच आहे, फिंगर व्हेन यूजिंग डीप लर्निंग. आम्ही मलेशियाच्या युनिव्हर्सिटीचा डेटासेट वापरला, १२३ माणसं, प्रत्येकाची ४ बोटं म्हणजे ४९२ क्लास (एक बोट म्हणजे एक क्लास), दोन सेशन म्हणजे दोन वेगळ्या वेळी, एका सेशनला एका बोटाचे ६ फोटो. रेझनेट-१८ हे आधीच शिकवलेलं तयार मॉडेल घेऊन ते आमच्या फोटोंवर पुढे शिकवलं (ट्रान्स्फर लर्निंग) आणि आम्हाला ९९.४ आलंय. गाइड मॅडम खूश आहेत. त्यामुळे ९९.९ येऊ शकतं असं मला वाटतं.

अर्धा_कटिंग | सोमवार, ११:१०

पाची बोटं सारखी नसतात हे पूर्वज सांगून गेले, यांनी त्याचे ४९२ क्लास पाडले.

नसतीउठाठेव | मंगळवार, सकाळी ८:२०

सर नको म्हणू रे, दादा म्हण. दोन प्रश्न. ट्रेनिंग आणि टेस्टिंगचे फोटो वेगळे कसे काढलेस? आणि ऑगमेंटेशनमध्ये, म्हणजे आहेत त्याच फोटोंत बदल करून जास्तीचे फोटो बनवताना, फोटो आडवा उलटवलास का, आरशासारखा?

शेवटचं_वर्ष | मंगळवार, ८:४१

दादा सगळे फोटो मिसळून रँडम, ८० टक्के ट्रेनिंगला, २० टेस्टिंगला. आणि हो, फ्लिप केलंय, सगळ्या ट्यूटोरियलमध्ये करतातच की

नसतीउठाठेव | मंगळवार, ९:१५

तिथेच घोळ आहे. एका सेशनचे सहा फोटो म्हणजे बोट ठेवून एकापाठोपाठ काढलेले जवळजवळ सारखे फोटो. त्यातले पाच अभ्यासाला दिले आणि सहावा परीक्षेला, म्हणजे पेपर फुटलेला आहे. पहिल्या सेशनवर शिकव आणि दुसऱ्या सेशनवर तपास. आणि त्याहून खरी परीक्षा, शंभरेक बोटं पूर्ण बाजूला ठेव, मॉडेलला ती कधी दाखवूच नकोस, मग त्यातली दोन-दोन देऊन विचार की एकच का वेगळी. कारण या काकांच्या वर्कशॉपमध्ये उद्या नवा हेल्पर लागला तर तू काय पूर्ण मॉडेल परत ट्रेन करत बसणार? तिथे क्लास ओळखायचे नसतात, पत्ते जुळवायचे असतात.

फ्लिपचं असं की मांजराचा फोटो उलटवला तरी मांजरच राहतं. बोटाच्या शिरांचं जाळं उलटवलं की ते दुसरंच बोट झालं. तू मॉडेलला शिकवतोयस की ही दोन वेगळी बोटं एकच आहेत.

आणि एक प्रयोग कर गंमत म्हणून. फोटोतला मधला भाग, जिथे शिरा आहेत, तो पुसून टाक, फक्त बोटाची कडा ठेव, आणि बघ मॉडेल अजूनही ओळखतंय का. ओळखलं तर ते शिरा बघतच नव्हतं, बोटाची जाडी आणि ठेवायची ढब बघत होतं.

शेवटचं_वर्ष | मंगळवार, ९:१८

दादा रिपोर्ट बाइंडिंगला गेलाय :(

पाटीलेखक | मंगळवार, ९:३०

"एकदा बाइंड झालेला रिपोर्ट बदलून मिळणार नाही."

वाफाळता_उपमा | मंगळवार, दुपारी १२:५०

विषय थोडा वेगळा आहे पण इथेच लिहिते. माझ्या आईला कॅन्सरच्या गोळ्या चालू होत्या, कॅपसिटाबिन. तळहात लाल व्हायचे, सालं निघायची, आणि हळूहळू बोटांवरच्या रेषाच गेल्या. नोव्हेंबरमध्ये पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला घेऊन गेलो तर बोट लागेना. दहाही बोटं करून झाली. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, आजी घरी जाऊन हात साबणाने नीट धुऊन या. आईने आयुष्यभर दुसऱ्याला स्वच्छता शिकवली, शिक्षिका होती, तिला हे इतकं लागलं की रिक्षात ती काहीच बोलली नाही. नंतर ऑन्कॉलॉजिस्टने सांगितलं की या औषधाने ठसे जाऊ शकतात, माहितीतली गोष्ट आहे, आणि एक चिठ्ठी दिली. पुढच्या वर्षी भाच्याने मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढला, दोन मिनिटांत झालं. ही शिरांची मशिनं पेन्शनला, रेशनला का नाही वापरत?

जुनी_दौत | मंगळवार, २:२५

ताई, वाचून वाईट वाटलं. कारण सरळ आहे, आधारमध्ये दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा एवढंच घेतलेलं आहे, शिरा घेतलेल्याच नाहीत. जे नोंदवलंच नाही ते जुळवणार कशाशी? ठसा लागत नसेल तर बुबुळ किंवा चेहरा हाच रस्ता. पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात दिलं, २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला. गाव शेतमजुरांचं, म्हणजे झिजलेल्या बोटांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून दारात उभा होता म्हणायचा.

अवांतर: ठशांचा सगळा इतिहासच आपल्या मातीतला आहे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर शाईचा अख्खा पंजा उमटवून घेतला, उद्देश इतकाच की पुढे हा मी नव्हेच म्हणायची सोय राहू नये. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं, आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्याचं बरंचसं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी सबइन्स्पेक्टरांचं. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, हेन्री.

अर्धा_कटिंग | मंगळवार, २:३१

म्हणजे काम हेल्परने करायचं आणि सही साहेबाची, ही पद्धतसुद्धा तेव्हापासूनच.

कुलूप_किल्ली | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

सगळे कौतुक करतायत म्हणून जरा उलट बाजू. शिरा चोरता येत नाहीत असं विक्रेते सांगतात, ते अर्धंच खरं आहे. ठसा आपण ग्लासवर, दारावर, खरेदीखतावर सोडत फिरतो. त्या नोंदणीच्या कागदांवरच्या अंगठ्यांवरून सिलिकॉनचे अंगठे करून लोकांच्या खात्यातून आधारवर पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात, म्हणून तर आधारवाल्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये जिवंत बोट आहे का हे तपासणारी नवी पद्धत आणली. शिरा कुठे उमटत नाहीत हे बरोबर, पण फोटो काढता येतो. २०१८ च्या डिसेंबरात जर्मनीत लाइपझिगच्या हॅकर संमेलनात यान क्रिस्लर आणि युलियान अल्ब्रेख्त या दोघांनी इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेल्या साध्या कॅमेऱ्याने तळहाताचे फोटो काढले, त्यावरून मेणाचा हात केला आणि मशीनला फसवून दाखवलं. महिनाभरात अडीच हजार फोटो काढले होते म्हणे, म्हणजे चिकाटी लागते. त्याआधी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इडियाप संस्थेतल्या लोकांनी बोटाच्या शिरांचा फोटो लेझर प्रिंटरवर छापून एक मशीन बहुतेक वेळा फसवलं होतं.

भोसरीत कोण मेणाचं बोट करत बसणारे हे मान्य. मला काळजी दुसरीच आहे. पासवर्ड गेला तर बदलता येतो, शिरा नाही बदलता येत. तुमच्या ४२ माणसांचा डेटा मशीनमध्ये राहणार की विक्रेत्याच्या क्लाउडवर? फोटो ठेवणार की फक्त ते आकडे? माणूस नोकरी सोडून गेला की पुसणार का? २०११ च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आला. आणि त्या माणसांना विचारलंय का कुणी? का फक्त 'उद्यापासून बोट इथे घालायचं'?

छिन्नी_हातोडा | मंगळवार, रात्री १०:०५

खरं सांगू, विचारलं नव्हतं. डोक्यातच आलं नाही, वीस-वीस वर्षांची माणसं आहेत, घरातलीच वाटतात. उद्या विचारतो.

छिन्नी_हातोडा | गुरुवार, रात्री ९:३०

अपडेट. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून सांगितलं, डॉक्टरांचं ऑक्सिमीटरचं उदाहरण ढापलं. एकाने विचारलं की यात शुगर-बीपी कळतं का, कळत असेल तर मी नाही ठेवणार, नंतर कामावरून काढाल. एकाला वाटलं दारू प्यायलेली कळते. त्याने अजून बोट दिलेलं नाही, का ते मी विचारलेलं नाही. मामा म्हणाले, आमच्या गावचे वैद्य नाडी धरून सांगायचे काल काय खाल्लं, तुमचं मशीन नुसतं नाव सांगणार, एवढ्याला इतके पैसे? दोघांनी नको म्हटलं, त्यांची वहीच राहील. विक्रेत्याला सांगितलं डेटा मशीनमध्येच पाहिजे, बाहेर नाही. आधी कुरकुर केली, मग झालं. सोमवारपासून ट्रायल.

बोळातला_डॉक्टर | गुरुवार, १०:१०

शुगर-बीपी कळत नाही म्हणून खुशाल सांगा. पण प्रश्न चांगला विचारला त्याने, हसण्यावारी नेऊ नका.

नसतीउठाठेव | गुरुवार, १०:४४

नोंदणी करताना एकेका माणसाची दोन्ही हातांची किमान दोन बोटं घ्या, आज उजव्याला पट्टी बसली तर डावं. सकाळी एकदा आणि शिफ्ट संपताना एकदा, थोडं डावी-उजवीकडे फिरवून. आणि शक्य असेल तर आधी कामगार नंबर दाबायचा, मग बोट. नुसतं बोट ठेवलं तर मशीनला सगळ्यांच्या साठवलेल्या बोटांशी तुलना करावी लागते, प्रत्येक तुलनेत चुकायची थोडी शक्यता, ती साठत जाते. नंबर दाबला की फक्त त्याच्याच बोटाशी.

चेकबुक_संपलं | शुक्रवार, ४:२०

म्हणजे एटीएमसारखंच. आधी कार्ड मग पिन. आम्ही सांगून सांगून थकलो.

छिन्नी_हातोडा | पुढचा गुरुवार, रात्री ८:५५

मंडळी, डोकं फिरलंय. चार दिवस झाले.

दुसरी शिफ्ट, दुपारी चारची, लोण्यासारखी. तेलकट हात, चिरा, काही फरक नाही. मामा या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला आहेत, सोमवारी पहिल्याच फटक्यात त्यांचं नाव आलं तर परत काढून परत ठेवलं, खात्री करायला.

सकाळची साडेसातची शिफ्ट मात्र निम्मी अडकते. डॉक्टरांचं आठवलं, म्हटलं थंडी. मंगळवारी गेटवर चहाची किटली ठेवली, आधी ग्लास हातात धरा मग बोट. थोडा फरक पडला, पूर्ण नाही, फक्त चहाचा खर्च वाढला. विक्रेत्याचा इंजिनियर म्हणाला, मॉडेलला तुमच्या लोकांची सवय होतेय, आणि फोनवरूनच काहीतरी सेटिंग सैल केलं. बुधवारी सकाळी सगळे पटापट आत. मी खूश. मग एका हेल्परने बोट ठेवलं तर सुपरवायझरचं नाव आलं. तो पोरगा म्हणतो, शेठ, चालेल, पगारही त्यांचाच द्या.

नंबर दाबायची सोय होती, पण गर्दी होते म्हणून पहिल्या दिवशीच बंद केली होती, चूक माझी. आता सेटिंग परत कडक केलंय, आज परत सकाळी रांग.

नसतीउठाठेव | गुरुवार, ९:२०

सेटिंग सैल करणं ही जगातली सगळ्यात जुनी युक्ती. रांग कमी होते, तक्रार बंद होते, आणि चूक दिसेनाशी होते. तुमचा हेल्पर प्रामाणिक निघाला म्हणून कळलं.

पण सकाळच का? 'मॉडेलला सवय होतेय' हे थापेत घाला, वापरताना ते मॉडेल आपोआप काही शिकत नसतं सहसा. चार दिवसांत एखादी सकाळ बरी गेली का?

छिन्नी_हातोडा | गुरुवार, ९:४१

सोमवारी! सोमवारी सकाळी सगळे व्यवस्थित गेले होते, म्हणून तर मी विक्रेत्याला जवळजवळ चेक देणार होतो. सोमवारी ढगाळ होतं, थंडीही कमी.

तपकीर_गल्ली | गुरुवार, ९:५५

इतके दिवस नुसता वाचत होतो. मशीन गेटच्या कोणत्या बाजूला आहे? तोंड कुठे? आणि बोट बंद डबीत घालायचंय का वरून उघडी खोबण आहे?

छिन्नी_हातोडा | गुरुवार, १०:०२

गेट पूर्वेला. मशीन गेटच्या आतल्या भिंतीवर, तोंड गेटकडेच. उघडी खोबण आहे, वरून बोट ठेवायचं.

तपकीर_गल्ली | गुरुवार, १०:०८

मग झालं की. सकाळी साडेसातला सूर्य समोरून आडवा येतो आणि सूर्यात इन्फ्रारेड रग्गड. तुमच्या मशीनचे चार-सहा इवलेसे एलईडी बोटातून प्रकाश पाठवतायत आणि बाजूने सूर्य कॅमेऱ्याच्या तोंडावर बादली ओततोय. फोटो पांढरा फटक. सोमवारी ढग होते म्हणून चाललं, दुपारी चारला सूर्य शेडच्या मागे म्हणून चालतं. टीव्हीच्या रिमोटचे रिसीव्हर विकण्यात आयुष्य गेलं, खिडकीतून ऊन आलं की रिमोट चालत नाही म्हणून दर उन्हाळ्यात गिऱ्हाईक येतं.

उद्या सकाळी पुठ्ठ्याचं खोकं धरून बघा, फुकट आहे.

बोळातला_डॉक्टर | गुरुवार, १०:१५

मी थंडीवर पैज लावली असती. ऑक्सिमीटरवरही जोराचा उजेड पडला तर आकडा चुकतो, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

शेवटचं_वर्ष | शुक्रवार, रात्री १:२०

उशिरा लिहितोय, झोप नाही. दादा, मॅडमना सगळं सांगितलं. पहिल्या सेशनवर ट्रेन आणि दुसऱ्यावर टेस्ट केलं, फ्लिप काढलं. ९९.४ चं जे झालंय ते आकड्यात सांगत नाही, पण नव्वदच्या खाली आहे. आणि मधला भाग पुसून बघितला, तरी बऱ्याच बोटांना ओळखतंय. म्हणजे खरंच कडाच बघत होतं. आता ट्रिपलेट लॉस लावून (तुम्ही सांगितलेलं तेच, दोन सारखे जवळ आणि तिसरा लांब) परत ट्रेन करतोय, आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एलईडी आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लागणारा बिनफिल्टरचा कॅमेरा आणलाय, स्वतःचा डेटा घेणार. बाइंडिंगवाल्याने निम्मे पैसे परत दिले, पाटीलेखक काका, नोंद घ्या.

@छिन्नी_हातोडा काका, तुमच्या वर्कशॉपमध्ये येऊन फोटो घेऊ का? फॉर्मवर सगळ्यांची सही घेईन, नाव ठेवणार नाही फक्त नंबर.

पाटीलेखक | शुक्रवार, सकाळी ७:०५

नोंद घेतली. पाटी उतरवली.

छिन्नी_हातोडा | शनिवार, दुपारी १२:४०

खोकं धरलं. साडेसातच्या शिफ्टची अख्खी रांग पाच मिनिटांत आत. खोकं काढलं, अडकली. परत धरलं, चालू. इंजिनियर व्हिडिओ कॉलवर बघत होता, गप्प झाला. मग म्हणाला हे आमच्या मॅन्युअलमध्ये आहे. होतं खरंच, पान ३१, 'थेट सूर्यप्रकाश टाळा'.

आता शीटमेटलचं छोटं छज्जं वाकवून घेतलंय आमच्याच शॉपमध्ये, आतून काळा रंग मारून. नंबर दाबून मगच बोट. नको म्हणणाऱ्या दोघांची वही चालूच आहे, त्यातला एक काल म्हणाला बघू पुढच्या महिन्यात. विक्रेत्याशी किमतीवर बोलणं चालू आहे, चेकबुक_संपलं काकांचा मुद्दा वापरला, जपानमध्ये डीप लर्निंगशिवाय चालायचं म्हटल्यावर जरा खाली आला.

@शेवटचं_वर्ष, ये बाळा, रविवार सोडून कधीही. मामांचं बोट आधी घे.

त्यांची एक गंमत सांगायची राहिली. मशीन पहिल्या फटक्यात घेतंय, तरी अजून बोट जिभेला लावतात, शर्टाला पुसतात आणि मगच आत ठेवतात.